बोली, संकेत आणि तारतम्य

पत्त्यांच्या खेळावर लिहावयाचे म्हटले की आरंभी थोडी क्षमायाचना करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ज्या घरांत बुद्धिबळाचा पट बैठकीत मानाने मांडला जाई, त्याच घरांत पत्त्यांचा जोड वडील मंडळींची चाहूल लागताच गादीखाली जाई. बुद्धिबळ हा बुद्धीचा खेळ आणि पत्ते हा दैवाचा, असा निवाडा पूर्वीच होऊन चुकला होता. तथापि पत्त्यांच्या खेळांपैकी एक खेळ असा आहे की, त्यात दैवाने वाटलेल्या पानांपेक्षा त्या पानांविषयी माणूस काय बोलतो यावर यशापयश अधिक अवलंबून असते. तो खेळ ब्रिज होय. ह्या बोलण्याचे शास्त्र कसे घडत गेले, त्यात आपल्या महाराष्ट्राचाही अल्पसा वाटा कसा आहे, आणि शास्त्र वाढले तरी तारतम्याचे काम का संपत नाही, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

ह्या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते यवतमाळास, माझ्या मामांच्या ओसरीवर. मामा वकील होते. कायद्याच्या अभ्यासासाठी ते तरुणपणी पुण्यास राहिले होते आणि तेथूनच ऑक्शन ब्रिजची गोडी घेऊन परतले होते. १९६० नंतरच्या दशकात मी त्यांचा भिडू झालो, तेव्हा त्यांची साठी उलटली होती. कापसाच्या गाड्यांची वर्दळ ओसरून उन्हाळा सुरू झाला आणि कोर्टाला सुटी लागली की ओसरीवर सतरंजी पडे. मामा, त्यांचे दोन स्नेही आणि चौथा मी, अशी ती बैठक असे. ब्रिजवरचे एक इंग्रजी पुस्तक नुकतेच माझ्या हाती आले होते, आणि त्यातील सतरा संकेत मी मुखोद्गत केले होते. मामांना त्यांपैकी एकही ठाऊक नव्हता. तरीही महिन्याच्या हिशेबात मामांचे गुण नेहमी माझ्याहून अधिक भरत. ह्या कोड्याचा उलगडा करण्याच्या नादात मी ब्रिजच्या इतिहासाकडे वळलो.

पत्ते आपल्या समाजाला नवे नव्हते. बाबराने १५२७ साली गंजिफा भेट पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा तर महाराष्ट्राचे भूषणच आहे. परंतु गंजिफ्यात हुकूम नाही आणि भिडूशी करावयाचे बोलणेही नाही. जो तो आपल्यापुरता खेळतो. बोली लावून खेळण्याची आपल्या घरांतील ओळख ती ‘तीनशे चार’ ह्या खेळाची. गुलाम तीस, नव्वी वीस, एक्का अकरा, दहिला दहा, राजा तीन व राणी दोन. मिळून एका रंगाचे शहात्तर, आणि चार रंगांचे तीनशे चार. निम्मी पाने हाती येताच बोली करावयाची असल्याने त्या खेळात धाडसाला वाव असतो. तथापि तेथेही बोली ही पैज असते, संभाषण नसते. मी एवढे गुण करीन, असे मनुष्य सांगतो. माझ्यापाशी काय आहे आणि तुझ्यापाशी काय आहे, असे विचारीत नाही.

युरोपातील व्हिस्ट ह्या खेळातही पूर्वी हीच स्थिती होती. एडमंड हॉइलने १७४२ साली व्हिस्टवर आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले, तेव्हा त्या खेळात बोलीच नव्हती. शेवटी वाटलेले पान उलटावयाचे आणि त्याचा रंग हुकूम मानावयाचा. १८८६ साली लंडनमध्ये ‘बिरिच’ ह्या नावाने एका नव्या प्रकाराची चोपडी निघाली, आणि त्यापासून ब्रिज हे नाव रूढ झाले. ह्या प्रकारात हुकूम वाटणाऱ्याने, अथवा त्याच्या भिडूने, ठरवावयाचा असे. पुढची पायरी म्हणजे हुकूम ठरविण्याच्या अधिकाराचा लिलाव. तीच ऑक्शन ब्रिज होय. आणि तिचा उगम आपल्या देशात झाला अशी आख्यायिका आहे. उत्तर हिंदुस्थानातील कोण्या एकाकी ठाण्यावर तीनच गोरे अधिकारी होते. चौथा भिडू मिळेना, म्हणून त्यांनी चौथ्याची पाने लिलावात काढली, असे सांगतात. ह्या खेळाचा काळ १९०४ च्या सुमाराचा. त्याच्या पुढच्याच वर्षी वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेरमांडणी होऊन जुन्या वणी जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. अशा आडबाजूच्या ठाण्यांवरील दीर्घ संध्याकाळ ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ती आख्यायिका सहज पटण्यासारखी आहे.

ऑक्शन ब्रिजमध्ये एक मोठा गोडवा होता आणि तोच त्याचा दोषही होता. तुम्ही दोन इस्पिके बोललात आणि प्रत्यक्षात चार इस्पिकांचे हात केलेत, तर चारांचेही गुण गेमच्या हिशेबात जमा होत. त्यामुळे जरुरीपुरते बोलावे, स्वस्तात हुकूम मिळवावा आणि मिळतील तितके हात करावेत, हेच शहाणपण ठरे. बोली अर्ध्यावर थांबली तरी नुकसान नाही. मग भिडूशी अधिक बोलून करावयाचे काय? मामांची खेळी ह्या शाळेत तयार झाली होती. ते पाने विलक्षण कौशल्याने खेळत. पण बोलीत दोनांवर थांबून चार करण्याची त्यांची सवय अखेरपर्यंत पुरती सुटली नाही. आमच्या बैठकीत कॉन्ट्रॅक्ट ब्रिज चालत असल्याने ह्या सवयीपायी आमचे कित्येक गेम बुडाले. हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. नाहीतर वडील शहाणे आणि तरुण मूर्ख अशी ठरीव गोष्ट मी सांगत आहे, असे वाचकांस वाटेल.

ह्या दोषावर उपाय काढणाऱ्यांत पुण्याचे नाव येते. १९१२ साली सर ह्यू क्लेटन व त्यांचे तीन मित्र पुण्यास एक सुधारलेला प्रकार खेळू लागले. त्याचे नाव त्यांनी आपल्याच नावांच्या आद्याक्षरांवरून एस. ए. सी. सी. असे ठेवले, आणि १५ जुलै १९१४ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते: जितके बोलाल तितकेच गेमच्या हिशेबात धरले जाईल. फ्रान्समध्ये ‘प्लाफाँ’ नावाच्या खेळात हेच तत्त्व पुढे लोकप्रिय झाले. अखेरीस १९२५ साली अमेरिकेतील हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट ह्या धनिकाने लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यातून हवानाकडे जाणाऱ्या ‘फिनलंड’ ह्या आगबोटीवर आपल्या मित्रांसह ह्या तत्त्वाला गुणांची नवी कोष्टके जोडली. स्लॅम बोलून केल्यास मोठे बक्षीस, आणि एक गेम जिंकलेल्या बाजूस ‘व्हल्नरेबल’ म्हणजे अधिक जोखमीची ठरवून तिचे दंड व बक्षिसे वाढविणे, ही त्यांची कामगिरी. आज जग ज्याला कॉन्ट्रॅक्ट ब्रिज म्हणते तो हाच.

नियमातील हा बदल दिसावयास लहान, परंतु त्याने खेळाचा स्वभावच पालटला. आता चार इस्पिकांचे हात होत असतील तर ते आधी बोलून दाखविले पाहिजेत. इस्पिकांच्या प्रत्येक हातास तीस गुण, म्हणजे चारांचे एकशे वीस, शंभरांवर गेम. तीनांवर थांबून चार केले तर खालच्या रकान्यात नव्वदच पडतात. वरच्या हाताचे तीस गुण वरच्या रकान्यात जातात आणि गेम हुकतो. उलट पाच बोलून चारच झाले, तर दंड. अर्थात, भिडूची तेरा पाने न पाहता ती किती मोलाची आहेत ह्याचा अंदाज पाने खेळण्यापूर्वीच करणे प्राप्त झाले. येथे संभाषणाची गरज उत्पन्न झाली, आणि तिच्यातून संकेत जन्मास आले.

हे संभाषण किती तुटपुंज्या भाषेत करावयाचे असते, तेही पाहू. बावन्न पानांतून तेरांचे निरनिराळे संच ६,३५,०१,३५,५९,६०० होतात. म्हणजे त्रेसष्ट हजार कोटींहून अधिक. त्यांचे वर्णन करण्यास आपल्यापाशी शब्द अवघे पंधरा: एक ते सात हे आकडे, चार रंग व बिनहुकूम ही पाच नावे, आणि पास, डबल व रीडबल. त्यांतून बोली पस्तीसच होतात, आणि एकदा वरची बोली झाली की खालची पुन्हा उच्चारता येत नाही. म्हणून संकेत घेणे म्हणजे भाषेत भर घालणे नव्हे. आहे त्याच शब्दाचा मूळ अर्थ काढून घेऊन त्यास दुसरा अर्थ देणे होय. प्रत्येक संकेताची काही किंमत असते ती ह्यामुळेच, आणि पुस्तकात ती सहसा लिहिलेली नसते.

दोन सुप्रसिद्ध संकेत शेजारी ठेवले म्हणजे ही गोष्ट ध्यानात येईल. भिडूने एक बिनहुकूम म्हटल्यावर आपण दोन किलवर म्हणणे, म्हणजे ‘तुझ्यापाशी इस्पिक वा बदाम ह्यांपैकी एखाद्या रंगाची चार पाने आहेत काय?’ असे विचारणे. ह्यास स्टेमन म्हणतात. ही कल्पना मूळ जॉर्ज रॅपी ह्यांची. इंग्लंडात जॅक मार्क्स ह्यांनीही ती स्वतंत्रपणे काढली होती. परंतु १९४५ साली सॅम स्टेमन ह्यांनी तीवर लेख लिहिला आणि नाव त्यांचे झाले. ह्या संकेताने आपण गमावतो ते केवळ दोन किलवरांवर थांबण्याचे सुख, आणि ते फारसे मोलाचे नाही. शिवाय प्रश्न वारंवार उपयोगी पडतो. थोडक्यात, सौदा स्वस्त आहे.

दुसरा संकेत ब्लॅकवुडचा. अमेरिकेतील विमा-व्यवसायात असलेल्या ईझ्ली ब्लॅकवुड ह्यांनी तो १९३३ साली काढला. त्यांचा त्यावरील लेख त्या वेळी एका नामांकित मासिकाने परत केला होता. चार बिनहुकूम म्हणजे ‘एक्के किती?’ ह्याचे उत्तर पाच किलवर म्हणजे एकही नाही किंवा चारही, पाच चौकट म्हणजे एक, पाच बदाम म्हणजे दोन, आणि पाच इस्पिक म्हणजे तीन. शिकावयास इतका सोपा संकेत दुसरा नाही, आणि इतका वेळी-अवेळी वापरला जाणाराही नाही.

ह्याचा माझा स्वतःचा अनुभव असा. एके रात्री माझ्या हाती इस्पिकाचे एक्का, राजा, गुलाम धरून सहा पाने, बदामाचे राजा, राणी व एक किरकोळ पान, किलवरचे राजा-राणी, आणि चौकटीची दोन क्षुल्लक पाने होती. मी एक इस्पिक म्हणालो. मामांनी तीन इस्पिक म्हणून पाठिंबा दिला. मी अधीर होऊन चार बिनहुकूम विचारले. मामांच्या खातर मी तो एक संकेत त्यांना त्याच आठवड्यात शिकविला होता. त्यांनी बिनचूक पाच बदाम म्हटले. दोन एक्के! माझा एक धरून तीन; एकच हात जाईल, असा हिशेब करून मी सहा इस्पिक म्हणालो. डावीकडच्या गृहस्थांनी क्षणभर विचार करून चौकटीची उतारी केली, आणि पहिले दोन्ही हात त्यांच्या बाजूस गेले. मामांचे एक्के बदाम व किलवर ह्यांचे होते. चौकटीची दुसरी कोणतीही वाट नव्हती. उरलेले अकराही हात आमचेच होते, पण बोली सहांची असल्याने एक हात कमी पडला आणि हातचा गेम गेला.

मामा रागावले नाहीत. पाने गोळा करता करता एवढेच म्हणाले, “अरे, तू मला एक्के किती ते विचारलेस. तुला हवे होते ते चौकटीचे कोणाकडे काही आहे काय, ते. साक्षीदाराला चुकीचा प्रश्न विचारला, तर त्याचे खरे उत्तरही आपल्याच अंगावर येते.”

त्यांचे म्हणणे शास्त्रालाही धरून होते. तीन इस्पिकांनंतर मी चार किलवर, म्हणजे ‘किलवरमध्ये माझा आळा आहे’, असे म्हटले असते, तर मामांनी चार चौकट ओलांडून चार बदाम म्हटले असते. मधला रंग गाळला त्याचा अर्थ तेथे त्यांच्यापाशी काही नाही; माझ्यापाशीही नाही; तेव्हा चार इस्पिकांवर थांबणे योग्य, हे मला बसल्या जागी कळले असते. ज्याच्या हाती एखाद्या रंगाची दोन हलकी पाने आहेत त्याने ब्लॅकवुड विचारू नये, हा नियम तज्ज्ञांनी फार पूर्वीच सांगून ठेवला आहे. माझ्या पुस्तकातही तो होता. मी संकेत पाठ केला होता, पण त्याची जागा पाठ केली नव्हती.

गुण मोजण्याच्या पद्धतीचेही असेच आहे. एक्क्यास चार, राजास तीन, राणीस दोन व गुलामास एक, हे कोष्टक ब्रायन्ट मॅकॅम्पबेल ह्यांनी १९१५ साली मांडले, मिल्टन वर्क ह्यांनी रूढ केले, आणि १९४९ नंतर चार्ल्स गोरेन ह्यांच्या पुस्तकांनी घरोघर पोचविले. सगळ्या पत्त्यांत मिळून असे चाळीस गुण. दोघांत मिळून तेहतीस असले तर विरुद्ध बाजूस सातच उरतात, म्हणजे त्यांच्याकडे दोन एक्के असणे शक्य नाही. सदतीस असले तर तीनच उरतात, म्हणजे एकही एक्का नाही. छोट्या व मोठ्या स्लॅमचे हे आकडे असे साध्या वजाबाकीतून आले आहेत. परंतु वरच्या डावात माझे अठरा व मामांचे अकरा, मिळून एकोणतीसच गुण होते. आणि मामांचा एक एक्का किलवरऐवजी चौकटीचा असता, तर त्याच एकोणतिसांत सहा इस्पिके आरामात झाली असती. गुण तेच, पाने तितकीच, केवळ एक्क्याची जागा निराळी. हा फरक कोष्टक सांगत नाही. तो ताडणे हेच तारतम्य.

मग संकेत टाकून द्यावेत काय? इतिहास तसे सांगत नाही. १९३१ च्या डिसेंबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत न्यूयॉर्कमध्ये इली कल्बर्टसन व सिडनी लेंझ ह्यांच्यात दीडशे रबरांचा जो गाजलेला सामना झाला, तो दोन बोलीपद्धतींचा सामना म्हणून वर्तमानपत्रांनी उचलून धरला. कल्बर्टसन ८,९८० गुणांनी जिंकला आणि त्याची पद्धत जगभर पसरली. परंतु त्या सामन्यातील बोधप्रद गोष्ट निराळीच आहे. लेंझचा भिडू ऑस्वल्ड जेकोबी हा अत्यंत बुद्धिमान खेळाडू; तो मतभेद होऊन सामना अर्ध्यावर सोडून गेला. पद्धत दोघांची एकच होती. विश्वास मात्र उरला नव्हता. पुढे १९३७ साली बुडापेस्ट येथे ऑस्ट्रियाच्या संघाने कल्बर्टसनच्या संघास हरविले, ते पॉल स्टर्न ह्यांच्या व्हिएन्ना पद्धतीने. तीत कृत्रिम बोलींचा भरणा होता. १९६९ साली तैवानचा अपरिचित संघ सी. सी. वेई ह्यांची प्रिसिजन पद्धत घेऊन जागतिक स्पर्धेत दुसरा आला. म्हणजे कृत्रिम भाषाही विजय मिळवून देते. मात्र ती दोघांच्याही रक्तात भिनलेली असली पाहिजे. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजला प्रथमच स्थान मिळाले, आणि पुरुष जोड्यांचे सुवर्णपदक आपल्या प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार ह्यांनी जिंकले. त्यांची वये तेव्हा अनुक्रमे साठ व छप्पन होती, आणि ते अनेक वर्षांचे भिडू होते. धावण्याच्या वा उड्या मारण्याच्या खेळात ह्या वयात पदक मिळत नाही. ज्या खेळात ते मिळते, त्यात परिपक्व तारतम्याचा वाटा किती असेल हे सांगणे नको.

ह्या सर्वांवरून संकेत निवडण्याची कसोटी काढावयाची झाली, तर माझ्या मते ती चार प्रश्नांची आहे. असा प्रसंग किती वेळा येतो? ह्या बोलीचा नैसर्गिक अर्थ गमावल्याने किती नुकसान होते? विरुद्ध बाजूने मध्येच बोली घातली, तर आपल्या दोघांना तिचा अर्थ एकच लागेल काय? आणि सहा महिने प्रसंग आला नाही, तरी तो दोघांच्याही ध्यानात राहील काय? माझ्या सतरा संकेतांपैकी बारा पहिल्याच प्रश्नावर गळून पडले. उरलेल्या पाचांची यादी मामांनी एका वहीत लिहून ठेवली. त्यांनी ती मोडीत लिहिली, कारण विरुद्ध बाजूच्या वकीलसाहेबांस मोडी नीटसे वाचता येत नसे. असा ते विनोद करीत. वस्तुतः आपले संकेत विरुद्ध बाजूस उघड सांगणे हा खेळाचा नियम आहे, आणि तो मामा कसोशीने पाळीत. माझा प्रत्येक संकेत ते स्वतःच मोठ्याने समजावून सांगत.

त्या वहीशीच ह्या लेखाचा शेवट करतो. पुढे आठ-दहा वर्षांनी मामांचे वय झाले. खेळ अजून तसाच चोख होता, परंतु बोलीच्या वेळी ते मधूनमधून थांबत. एकदा मी दोन किलवर म्हणालो आणि ते पास म्हणाले. स्टेमनचा प्रश्न त्यांच्या ध्यानातच आला नाही. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सतरंजी घालण्यापूर्वी त्यांनी वही मागितली, पाचांपैकी दोन संकेतांवर रेघ ओढली आणि शेजारी काही लिहिले. “राहू द्या ना मामा, एखाद्या वेळी होतेच,” असे मी म्हणालो. “एखाद्या वेळी होते म्हणूनच नको,” ते म्हणाले. “तू मनात धाकधूक धरून बोलू लागशील. त्यापेक्षा तीनच ठेवू. पण ते पक्के.”

त्या वर्षी आम्ही तीन संकेतांवर खेळलो, आणि आमचे गुण आदल्या वर्षापेक्षा कमी झाले नाहीत. वही आज माझ्यापाशी आहे. मोडी वाचण्यास मला वेळ लागतो. तरीही त्या दोन रेघांशेजारचा मजकूर मी लावला आहे. तेथे एवढेच लिहिले आहे: ‘संकेत चांगला. भिडू विसरतो.’